निगुडकर काकांचा मंडी भाव

निगुडकर काका कॉम्प्युटरपुढे बसले की आधी त्याच्या डब्यावर उजवा तळहात ठेवत. मान जराशी वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले. पाच-सात सेकंद तसेच बसत, मग हात काढून म्हणत, "चालू आहे." समोर पडदा झगमगत असे, आतला पंखा घरघरत असे, मशीन चालू आहे हे कुणालाही दिसत असे. पण काकांच्या तळहाताची खात्री पटल्याशिवाय ते माउसला बोट लावत नसत. पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नाही. "काका, ताप बघताय का त्याचा?" मी विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "बेटा, मशीन बोलतं. कान खराब झाले तरी हात ऐकतो." त्यांचे कान खरोखरच अधू झाले होते. मिलच्या विणाई खात्यात, शेकडो लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यावर कुणाचेही झाले असते.

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या एका लहानशा मराठी वाचनालयाची मी तेव्हा ग्रंथपाल होते. ग्रंथपाल हा फार भारदस्त शब्द झाला. दोन खोल्या, अकरा कपाटं, पंख्याखाली वर्तमानपत्रांचं टेबल आणि दुपारी चार ते सात अशी वेळ. पुस्तकं देणं-घेणं, धूळ झटकणं आणि म्हाताऱ्यांची भांडणं सोडवणं ही माझी कामं. एका सभासदाने आपल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर वाचनालयाला भेट दिला, कमिटीने इंटरनेट घेतलं, आणि ते यंत्र चालवणं हेही माझ्याच गळ्यात पडलं. मी पलासियाला जाऊन महिनाभराचा क्लास केला होता, तेवढ्या भांडवलावर मी कॉलनीत तज्ज्ञ ठरले. त्या वयात माझ्या तोंडाला धार होती आणि हाताला घाई. दोन्ही अजून पुरती गेलेली नाहीत.

काका सभासद होते, पण पुस्तकांच्या बाबतीत त्यांचं विशेष काही नव्हतं. आठवड्याला एक घेऊन जात, परत आणताना बांधणीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "शिलाई ठीक." आतला मजकूर कसा होता ते कधी सांगत नसत. 'ठीक' हा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द होता. मिलमध्ये ते जॉबर होते, म्हणजे चाळीस लूम त्यांच्या ताब्यात. धागा का तुटतो, धोटा का अडकतो, कापडात रेघ का पडते, हे बघून लूम दुरुस्त करायची आणि विणकराच्या हाती द्यायची. तयार ताग्यावर हात फिरवून ते 'ठीक' म्हणाले की विणकराचा दिवस चांगला जाई, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगत. काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकाला दोनदा ठीक म्हणाले आहेत. दोन्ही तारखा माझ्या लक्षात आहेत."

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी. बाहेरचं स्वस्त कापड यायला लागलं, मालक बदलले, साहेब बदलले, आणि एका सकाळी गेटवर कागद चिकटवलेला दिसला. त्यानंतरही कितीतरी दिवस काका डबा घेऊन घरून निघत, गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसत आणि पाळी सुटायच्या वेळी परत येत. तिथे त्यांच्यासारखे पुष्कळ होते. काका म्हणत, "आदमी मेला तर बारा दिवस लोक येतात. मिल मेली तर फक्त चौकीदार येतो."

त्याच गेटवर त्यांचं मुलाशी तुटलं. शरद त्यांचा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा करून घरी बसला होता, आणि त्या वर्षांत इंदूरमध्ये नोकरी मागणारे गल्लोगल्ली होते. मिलमधल्या लूम भंगारात निघाल्या तेव्हा ठेकेदाराला पुर्जे ओळखणारा माणूस हवा होता. कोणता पुर्जा पितळी, कोणता बिडाचा, काय आधी उतरवायचं आणि काय नंतर, हे शरदला लहानपणापासून पाठ होतं, कारण सुट्टीच्या दिवशी काकाच त्याला खात्यात घेऊन जात आणि दाखवत. त्याने काम घेतलं आणि घरी सांगितलं नाही. काका टपरीवर बसले असताना गेट उघडलं, ट्रक बाहेर आला, आणि ट्रकशेजारी हातात पुठ्ठा घेऊन कोणती लूम चढली ते लिहिणारा शरद त्यांना दिसला. काका उठले आणि घरी आले. त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्याजवळ हा विषय त्यांनी एकदाच काढला, तोही एका वाक्यात. "तोडायला त्यांना माहीतगार माणूस पाहिजे होता, आणि माहीतगार त्याला मीच केला."

शरद पुढे सुरतेला गेला. तिथे नव्या, परदेशी लूम विकणाऱ्या एका कंपनीत लागला, लग्न केलं, त्याला मुलगी झाली. तिचं नाव जुई. लग्नाला काकू एकट्या गेल्या, बारशालाही एकट्याच. सुरतेहून फोन आला की काका चप्पल घालून अंगणात जात आणि तुळशीला पाणी घालत. दिवसातून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही घालत. काकू म्हणत, "त्या तुळशीला सर्दी होणार एक दिवस." पण फोनवर बोलताना त्या मुद्दाम मोठ्याने बोलत, म्हणजे अंगणात ऐकू जावं. "हो का? दोन दात आले?" असं त्या ओरडत, आणि अंगणात पाण्याची धार थांबे.

आता मी जे सांगणार आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काका गेल्यावर काकूंकडून आणि शरदकडून कळलं. पण ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं एका तऱ्हेवाईक म्हाताऱ्याची गंमत वाटेल, आणि मलाही तेव्हा ती गंमतच वाटली होती.

शरदने इंटरनेटवर जुईच्या फोटोंचं एक पान उघडलं होतं. दर सोमवारी एक फोटो आणि खाली दोन ओळी. काकूंना कॉम्प्युटर येत नव्हता. त्यांनी फोनवर त्या पानाचा पत्ता अक्षर-अक्षर विचारून एका चिठ्ठीवर उतरवला आणि ती काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी खिसा रिकामा होता. काकाही काही बोलले नाहीत. आणि त्याच आठवड्यात ते माझ्या टेबलापुढे उभे राहून म्हणाले, "रेखा, मला हे कॉम्प्युटर शिकव. मंडीचे भाव बघायचे आहेत."

"मंडीचे भाव? कशाला काका?"

"देपालपुरला साडूची शेती आहे. त्याला फोनवर सांगत जाईन. सोयाबीन, लसूण, जे असेल ते."

मला वाटलं, रिकामा माणूस, करतो आहे काहीतरी. मी त्यांना मंडीच्या भावांचं पान उघडून दिलं आणि आवडलेलं पान जपून कसं ठेवायचं ते शिकवलं. डाव्या बाजूला वर एक पिवळी चांदणी असे. ती दाबली की जपलेल्या पानांची यादी खाली उतरे. काकांनी ते चार वेळा करून घेतलं. चौथ्यांदा डोळे मिटून केलं. "आता हात शिकला," ते म्हणाले. मग मी पुस्तकांकडे वळले, आणि त्यांनी एका बोटाने, तीन संध्याकाळी खर्च करून, तो चिठ्ठीवरचा पत्ता उतरवला आणि चांदणी दाबून ते पान यादीत ठेवलं. चिठ्ठी घरी नेऊन गॅसवर जाळली. काकूंना राख दिसली, आणि काम झालं असावं हे त्यांनी ओळखलं.

त्यानंतर दीड वर्ष काका रोज पाच वाजता येत. डब्यावर हात, मग चांदणी, मग ते पान. जुई रांगताना, जुई दुधाची मिशी लावून, जुई शरदच्या बुटात पाय घालून. मी तिकडे गेले तर पडद्यावर मंडी असे. जाताना काका न चुकता सांगत, "लसूण चढला." फोटोखाली कुणालाही, नाव न देता, दोन शब्द लिहायची सोय होती. काका तिथे रोमन अक्षरांत एकच शब्द टाइप करत. ठीक. दर सोमवारच्या फोटोखाली, पाच-सव्वापाचच्या सुमाराला, ठीक. शरदने पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याने आईला सांगितलं नाही, आईने नवऱ्याला विचारलं नाही, नवऱ्याने कुणालाच काही कळू दिलं नाही, आणि अशा रीतीने निगुडकरांचं घर पुन्हा बोलायला लागलं. आमच्याकडच्या माणसांची ही रीत आहे. तोंडाने समेट करायचा म्हटलं की जिवावर येतं.

मग मी तो उद्योग केला.

कॉम्प्युटरवर कितीतरी दिवस एक चौकोन येत होता. ब्राउझरची नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? मी रोज 'नंतर' दाबत होते. एका रविवारी वाचनालय बंद असताना मी कपाटं पुसायला आले होते, तो चौकोन पुन्हा आला, आणि मला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. मी 'हो' दाबलं. अर्ध्या तासाने सगळं नवं होऊन समोर आलं. गुळगुळीत, निळसर, दिसायला छान. वरची शब्दांची पट्टी नाहीशी झाली होती, बटणं लहान झाली होती, चांदणी डावीकडून उडून कुठेतरी गेली होती. मी मनाशी म्हटलं, वा, आता आपणही काळाबरोबर. आणि कुलूप लावून घरी गेले.

सोमवारी पाच वाजता काकांनी डब्यावर हात ठेवला, 'चालू आहे' म्हणाले, आणि त्यांचं बोट सवयीने जिथे जायचं तिथे गेलं. तिथे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"रेखा, हे काय केलं?"

"काय झालं काका?"

"इथे वर एक पट्टी होती. आणि तारा. डाव्या हाताला पिवळा तारा होता. कोणी हटवला?"

"कोणी हटवला नाही. नवीन आवृत्ती आली आहे, काल मी अपडेट केलं. आता फास्ट चालेल."

"जल्दी कोणाला आहे इथे?"

काकांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. काका खुर्चीतून उठले होते. "अपनी मिलमध्ये एक कायदा होता बेटा. एका पाळीत कोणी लूमचा कोणताही पुर्जा हलवला, एक सूतभर जरी हलवला, तर त्याला लाल चिंधी बांधायची. दुसऱ्या पाळीचा जॉबर आला की पहिल्यानं थांबायचं, चिंधी दाखवायची, हात लावून सांगायचं की हे इथून इथे आणलं, यासाठी आणलं. मग दुसऱ्यानं स्वतः चिंधी सोडायची. त्याशिवाय पहिल्यानं घरी जायचं नाही. बायको बाळंत होत असली तरी नाही. कारण काय, तर समोरचा माणूस अंधारात हात घालतो. त्याचा हात जुन्या जागेवर जातो. बोटं जातात. मी चार माणसांची बोटं गेलेली बघितली आहेत. आता हे ज्यानं केलं त्यानं चिंधी कुठे बांधली ते बताव मला."

मी हसले. देवाशपथ सांगते, हसले. "काका, अमेरिकेत बसलेला माणूस राजेंद्र नगरात येऊन चिंधी कुठे बांधणार?"

"मग त्यानं हात लावायचा नव्हता," काका म्हणाले.

त्यांची समजूत काढायची म्हणून मी शेजारी खुर्ची ओढली, मंडीचा पत्ता स्वतः टाइप केला आणि पान उघडून दिलं. एवढंच नाही, तर ब्राउझर उघडला की आपोआप मंडी भावच समोर येईल अशी सोय करून दिली. फार हुशारी केल्यासारखं वाटलं मला. "हे बघा. आता चांदणी नको की काही नको. बसलं की भाव समोर." काकांनी पडद्याकडे बघितलं. देपालपुर, सोयाबीन, लसूण, हरभरा. मग म्हणाले, "हो. आला भाव." दीड वर्ष ज्या थापेच्या आडोशाला ते बसले होते, ती मी त्यांच्या तोंडासमोर आणून ठेवली होती. आता कोणत्या तोंडाने म्हणणार की मला मंडी नको आहे?

दोन दिवसांनी ते म्हणाले, "कंपनीला पत्र लिहायचं आहे. तू इंग्रजीत कर." आणि उभ्याने, हात मागे बांधून, त्यांनी मला मजकूर सांगितला. मी तो एका वहीत उतरवला होता, वही अजून आहे. "महोदय, आम्ही तुमचा माल दीड वर्षापासून रोज वापरतो. तक्रार नव्हती. रविवारी आमच्या गैरहजेरीत तुम्ही चालू मशीनचे पुर्जे जागेवरून हलवले. कारण कळवलं नाही. जुन्या जागा आमच्या हाताला पाठ होत्या. जागा बदलल्यानं माणसाची काय वस्तू हरवते याचा तुम्हाला अंदाज नाही. तरी पूर्वीप्रमाणे करून द्यावे." ते वाक्य मला लांबलचक वाटलं. 'काय वस्तू हरवते' याचं मी इंग्रजीत 'गैरसोय' केलं आणि पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं, यंत्राने पाठवलेलं. आपल्या प्रतिसादाबद्दल आभार, आपला अनुभव अधिक आनंददायी व्हावा यासाठी आम्ही सतत झटत असतो. मी वाचून दाखवलं. काका म्हणाले, "अनुभव? मी अनुभव मागितला होता का? मी बटन मागितलं होतं."

मग ते स्वतः शोधायला लागले. एक-एक बटण दाबून बघायचं, लूममधला बिघाड शोधताना करत तसं. पण लूम उघडी असते, इथे सगळं झाकलेलं. एके दिवशी अक्षरं तळहाताएवढी झाली. एके दिवशी सगळा कॉम्प्युटर उर्दूत गेला आणि मला पलासियाहून माणूस बोलवावा लागला. तिसऱ्या वेळी छपाई सुरू झाली आणि पन्नास कागद बाहेर पडले. कमिटीत बोलाचाली झाली. काका बसून ऐकत होते. चाळीस लूम सांभाळलेल्या माणसाला एक कॉम्प्युटर बिघडवल्याबद्दल लोक सुनावत होते. शेवटी कमिटीने भिंतीवर कागद लावला, 'सेटिंग्जला हात लावू नये', आणि ठरवलं की काका बसतील तेव्हा रेखाताईंनी शेजारी बसावं.

मी बसले. रोज पाच ते साडेपाच. काकांच्या डाव्या हाताला, स्वेटर विणत. आता ते शोधूही शकत नव्हते, कारण काय शोधताय असं मी विचारलं असतं. ते डब्यावर हात ठेवत, 'चालू आहे' म्हणत, आणि हात मांडीवर ठेवून मंडीचे भाव बघत बसत. अर्धा तास. पापणी न हलवता. दर सोमवारी जरा लवकर येत आणि जरा जास्त वेळ बसत. त्यांना भाव इतके पाठ झाले की वर्तमानपत्रं वाचणारे इंदुरी थाटात चेष्टा करत, "काका, लसूण काय म्हणतो भिया?" काका मान न वळवता आकडा सांगत, आणि तो बरोबर असे. मी घरी नवऱ्याला सांगत असे की म्हातारपणी माणसाला काय वेड लागेल सांगता येत नाही.

एकदाच ते काठापर्यंत आले होते. थंडी सुरू झाली होती. मी स्वेटरचा हात विणत होते. काका म्हणाले, "रेखा, ते जुन्या ताऱ्यात जे ठेवलेलं होतं, ते सगळं जळून गेलं असेल ना?"

"काय ठेवलेलं होतं?"

ते थांबले. त्यांची खुर्ची माझ्याकडे वळल्याचा आवाज आला. मी सुईवरचे टाके मोजत होते, मान वर केली नाही. एवढं मला लख्ख आठवतं, की मी मान वर केली नाही. "हेच काय," ते म्हणाले, "मंडी."

"मग ती समोर आहे की काका. उगाच काय घोळ घालताय," मी म्हणाले.

"हो. समोर आहे." ते उठले आणि त्या दिवशी लसणाचा भाव न सांगताच गेले.

जानेवारीत काका गेले. सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना खाली बसले ते उठलेच नाहीत. फोन वाजत नव्हता, काकूंनी सांगितलं, तरी त्या दिवशी दोनदा पाणी घालायला गेले होते. शरद सुरतेहून संध्याकाळी उशिरा पोचला. बरोबर बायको आणि तीन वर्षांची जुई. चारचौघांत तो रडला नाही. लोक म्हणाले, बापासारखाच आहे, तोंडातून शब्द निघत नाही.

काकांचे दिवस झाल्यावर तो एकटा वाचनालयात आला. काकांच्या नावावरची दोन पुस्तकं परत करायची होती. मी कार्डावर खूण केली. तो गेला नाही. कॉम्प्युटरकडे बघत उभा राहिला.

"बाबा शेवटपर्यंत येत होते इथे?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"आणि कॉम्प्युटरवर बसायचे?"

"रोज बसायचे."

त्याने मान हलवली, जणू ही बातमी त्याला अपेक्षितच होती. मग तो टेबलासमोरच्या स्टुलावर बसला आणि मला सगळं सांगितलं. जुईचं पान, खालचा तो एक शब्द, दीड वर्ष. "आई फोनवर सांगायची, रोज जातात वाचनालयात. म्हणजे बघत होते. पण लिहिणं एकदम बंद केलं. मी एका सोमवारी फोटो टाकला होता, जुईला आमच्या कंपनीच्या नव्या लूमवर बसवलं होतं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या दिवसापासून बंद. मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. त्यांच्या लूम मी ट्रकवर चढवल्या आणि आता नवी लूम दाखवून जखमेवर मीठ. तो फोटो मी काढून टाकला. तरी काही नाही. मग मी त्या पानावर माफी लिहिली. तीनदा लिहिली ताई. जुन्या गोष्टीची पण मागितली, गेटवरच्या. त्यांनी वाचली असेल ना? वाचूनपण काही लिहिलं नाही त्यांनी."

माझ्या डोक्यात ते सोमवार मागे-मागे जात होते. रविवारी मी कपाटं पुसत होते. मी 'हो' दाबलं. मी उठले, कॉम्प्युटर सुरू केला, मंडीचे भाव उघडले. उजव्या कोपऱ्यात एक बारीकशी चांदणी होती, राखाडी रंगाची, पाहिली तरी दिसू नये अशी. मी ती दाबली. मग आणखी एक बाण दाबला. यादी उतरली. रेल्वेचं वेळापत्रक, क्रिकेटचा स्कोअर, आणि मध्ये, 'जुईचे फोटो'. काही जळलं नव्हतं. आठ महिने ते तिथेच होतं, माझ्या बोटापासून दोन बोटांवर.

मी शरदला सांगितलं. रविवार, नवी आवृत्ती, मंडीचा बहाणा, पत्र, भिंतीवरचा कागद, सगळं सांगितलं. पान उघडून दाखवलं. जुई घसरगुंडीवर, जुई गणपतीपुढे, आणि मध्ये-मध्ये शरदने बापाला लिहिलेल्या ओळी. खाली कुणाचाच शब्द नव्हता. तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"म्हणजे ते रागावले नव्हते?"

"नाही रे. त्यांना सापडत नव्हतं."

"शोधत होते?"

"रोज."

"कोणाला विचारलं का नाही? इथे कोणी नसायचं का त्या वेळी?"

"मी असायचे," मी म्हणाले. "त्यांच्या शेजारीच बसायचे."